उमेदवाराशी नाते: नाही

२ जानेवारी, सोमवार

नवी वही. मागच्या वर्षीची वही १९ जानेवारीलाच बंद पडली होती, पण तिच्यात संकल्प नऊ होते. एवढे कोणालाच झेपले नसते. या वर्षी तीनच. एक, चिडायचं नाही. दोन, बीपीची गोळी वेळेवर. तीन, मुलीच्या फाइलपासून लांब राहायचं.

तिसऱ्याबद्दल थोडं. मुलगी याच युनिव्हर्सिटीत शिकवते. बॉटनी, त्यातही बुरशी. तिचं सहावं वर्ष चालू आहे आणि सहाव्या वर्षी प्रत्येकाची फाइल निघते. आधी विभागाची समिती, मग मोठी समिती, शेवटी कुलगुरू. सगळ्यांनी हो म्हटलं तर नोकरी कायम. नाही म्हटलं तर एक वर्षाची मुदत आणि मग घरी. मधलं काही नाही.

काल जेवताना म्हणाली, बाबा, माझी फाइल तुमच्या टेबलावर यायच्या आत रजिस्ट्रारबाईंना सांगून टाका आणि बाजूला व्हा, नियमच आहे तसा. मी म्हटलं, नियम तू मला शिकवू नकोस, सांगतो. बायको म्हणाली, सांगतो म्हणजे कधी सांगताय? हिला प्रत्येक गोष्टीची तारीख लागते.

मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली. पण आवक-जावकचं टेबल आणि मागची रेकॉर्ड रूम माझ्याशिवाय चालेना, म्हणून परत बोलावलं. शिक्षण सातवीपर्यंत. तरी इथला एकही प्राध्यापक माझ्या शिक्क्याशिवाय मोठा झालेला नाही.

५ जानेवारी, गुरुवार. दुपारी ४

या वर्षी फायली एकतीस. प्रत्येक फाइलच्या कव्हरला आतून एक स्लिप चिकटवलेली असते. फाइल ज्याच्या हातातून जाईल त्याने ती भरायची. रकाने पाच: तारीख, कोणाकडून, कोणाकडे, सही, उमेदवाराशी नाते. शेवटच्या रकान्यात मी नेहमी ‘नाही’ लिहितो. दर वेळी तेच लिहीत बसण्यापेक्षा जानेवारीतच सगळ्या स्लिपांवर वरपासून खालपर्यंत ‘नाही’ लिहून ठेवतो आणि शेजारी सही ठोकतो. नंतर फक्त तारीख घालायची. ही पद्धत माझी स्वतःची. कोणी शिकवलेली नाही.

आज सगळ्या स्लिपा पूर्ण. मनगट धरलंय.

६ जानेवारी, शुक्रवार

सव्वीस नंबरची फाइल मुलीची निघाली. तिच्या स्लिपवर माझ्या अक्षरात चौदा वेळा ‘नाही’.

खोडायचं म्हटलं तर गोपनीय फाइलवर खाडाखोड चालत नाही. नवी स्लिप लावायची तर रजिस्ट्रारबाईंची सही लागते. बाई नव्या आहेत, ऑगस्टात आल्या. आमचं नातं जुन्या लोकांना ठाऊक आहे, यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. सोमवारी सांगतो.

तीनच्या सुमाराला रेकॉर्ड रूममध्ये बेडूक ओरडला. एकदाच. या थंडीत कसला बेडूक? पाइप असणार.

९ जानेवारी, सोमवार

बाईंकडे दिवसभर मीटिंग. आत जावं तर लोक, बाहेर यावं तर फोन. राहिलं.

तीन वाजता पुन्हा तोच आवाज. आता दोनदा. खिडकीजवळच्या लोखंडी स्टुलाकडून.

१२ जानेवारी, गुरुवार

स्टुलाखाली पाणी. फार नाही, दोन पावलांएवढं. प्लंबर बोलावला. तो भिंत ठोकून म्हणाला, काका, या भिंतीत पाइप नाही. मी म्हटलं, नीट बघ. तो म्हणाला, जे नाहीच ते नीट कसं बघू? हल्लीच्या लोकांना कामाची तळमळ नाही. चिडलो नाही. फक्त आवाज थोडा मोठा झाला.

स्टूल उचलून दाराबाहेर ठेवलं.

१३ जानेवारी, शुक्रवार

स्टूल परत आत. शिपाई म्हणतो, मी ठेवलं, पॅसेजमध्ये लोकांना अडखळायला होत होतं. बरं. म्हणजे खुलासा आहे.

पाण्याला वास येतो. डबक्याचा.

१७ जानेवारी, मंगळवार

या खोलीत बसलं की बेडूकसरांची आठवण येते, त्यामुळे कानाला भास होत असतील. म्हणून एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

बेडूकसर म्हणजे झूलॉजीतले एक लेक्चरर. चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बेडकांच्या ओरडण्यावर त्यांचा अभ्यास. पहाटे तळ्यावर टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे आणि पॅन्ट पोटरीपर्यंत ओली असतानाच युनिव्हर्सिटीत यायचे. मी खिडकीतून ओरडायचो, सर, पाय पुसा, फरशी पुसायला मी एकटाच आहे. ते हसायचे आणि मलाच एखादा बेडूक काढून दाखवायचे, म्हणजे आवाज. मामा, हा नर बरं का, लग्नाचं बघतोय. सगळं ऑफिस हसायचं. माणूस वाईट नव्हता.

त्यांचीही सहाव्या वर्षी फाइल निघाली होती. कायम झाले नाहीत. पुढे कुठल्याशा शाळेत लागले, आणि तिसऱ्या वर्षी वारले असं कानावर आलं. याच्याशी माझा काही संबंध नाही. लिहिलं. झालं.

२० जानेवारी, शुक्रवार

मुलीच्या फाइलचं सांगतो. प्रत्येक उमेदवाराच्या कामाबद्दल बाहेरच्या चार प्राध्यापकांची मतं मागवतात. ती बंद पाकिटात थेट माझ्या टेबलावर येतात. मी पाकीट फोडत नाही. शिक्का मारतो, रजिस्टरला घेतो, फाइलला लावतो. शेवटची तारीख ३१ जानेवारी, संध्याकाळी पाच. चार पत्रं हवीतच. तीन असली तर समिती फाइल पुढे घेत नाही.

मुलीची तीन आली. चौथं एका बाईंचं आहे. त्या विषयातल्या फार मोठ्या म्हणतात. त्यांचं अजून नाही.

या परीक्षकांची नावं उमेदवाराला कळू द्यायची नसतात. मला माहीत असतात, कारण पाकिटांवर पत्ते मी लिहितो. घरी अवाक्षर काढलेलं नाही. मुलगी हल्ली भात चिवडत बसते. बायको म्हणते, तुम्ही निदान रजिस्ट्रारबाईंना सांगितलंत ना? मी म्हटलं, सगळं नियमाप्रमाणे चाललंय.

सोमवारी नक्की सांगतो.

२४ जानेवारी, मंगळवार. दुपारी ३.१०

स्टुलावर कोणीतरी बसलं होतं. खिडकीतून ऊन मागून येत होतं, त्यामुळे चेहरा दिसला नाही. पॅन्ट पोटरीपर्यंत ओली. मला म्हणाले, मामा, आलं का?

मी पळालो नाही. लघवीला जायचंच होतं, म्हणून गेलो. परत आलो तेव्हा कोणी नव्हतं.

नंतर, ५ वाजता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला हवं. ती जुनी गोष्टही पूर्ण लिहायला हवी होती. अर्धी लिहिली म्हणून हे होतंय.

२५ जानेवारी, बुधवार

पूर्ण लिहितो.

चोवीस वर्षांपूर्वी, शेवटचा दिवस. बेडूकसरांची तीन पत्रं आलेली होती, चौथ्याची वाट होती. मुलीला शाळेत कसलंसं बक्षीस मिळणार होतं. पाच वाजता कार्यक्रम. मी चार वाजताच रजिस्टरला तांबडी रेघ मारून दिवस बंद केला आणि निघायच्या तयारीला लागलो. चार चाळीसला पोस्टमन आला. त्यात ते पाकीट होतं.

रेघेखाली नोंद करायची तर रजिस्ट्रारची सही लागायची आणि रेघ लवकर का मारली ते सांगावं लागलं असतं. म्हटलं, उद्या सकाळी घेऊ. तेवढ्यात बेडूकसर खिडकीशी आले. मामा, आलं का? पाकीट माझ्या कोपराखाली होतं. मी म्हटलं, नाही.

एवढंच. एक शब्द. दुसऱ्या दिवशीचा शिक्का बसला असता तर पत्र उशिरा आलं असं झालं असतं, आणि पोस्टाच्या शिक्क्यावरून मीच अडकलो असतो. म्हणून नोंदच केली नाही. पाकीट अजून आहे, त्यांच्याच फाइलमध्ये, खालच्या रॅकवर. फोडलेलं नाही. गोपनीय पाकीट मी कधीच फोडत नाही.

शाळेत पोचलो तर मुलीचं बक्षीस देऊन झालं होतं.

२७ जानेवारी, शुक्रवार

आज मन स्वच्छ. आता एकच करायचं: या वेळी पत्र चुकू द्यायचं नाही. मुलीची फाइल म्हणून नव्हे. कोणाचीही असती तरी हेच केलं असतं.

पाठवलेल्या पाकिटाच्या पावतीवर परीक्षकबाईंचा नंबर होता. ऑफिसच्या फोनवरून लावला. मी म्हटलं, मॅडम, पत्राची तारीख जवळ आली, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. बाईंनी फार शांतपणे ऐकून घेतलं. माझं नाव विचारलं. हुद्दा विचारला. मग म्हणाल्या, उमेदवार तुमच्या कोण? इतक्या आपुलकीने विचारल्यावर खोटं कसं बोलणार? म्हटलं, मुलगी. त्या म्हणाल्या, तिनेच फोन करायला सांगितलं का? मी म्हटलं, छे हो, तिला काहीच ठाऊक नाही. आई-बापाला काळजी असतेच की. त्या म्हणाल्या, बरं, मी काय ते लिहून पाठवते.

काय ते लिहून पाठवते! मोठी माणसं कमी बोलतात, पण शब्दाला जागतात.

तीन वाजता मुद्दाम रेकॉर्ड रूममध्ये जाऊन उभा राहिलो. स्टुलाकडे पाठ करून. येतंय, असं मोठ्याने सांगितलं.

३१ जानेवारी, मंगळवार

११.२० ला कुरियर. परीक्षकबाईंचं पाकीट! शिक्का मारला, ठसठशीत. तारीख मारली. वेळही लिहिली, एरवी लिहीत नाही. रजिस्टरला पहिली नोंद हीच. पाकीट नेहमीपेक्षा जाड. इतकं भरभरून कोणी लिहितं का कोणाबद्दल?

स्वतः फाइलला लावलं, स्वतः समितीच्या खोलीत पोचवलं. स्लिपवर तारीख घातली. सही आणि ‘नाही’ आधीच होतं.

रजिस्ट्रारबाईंना सांगायचं आता काही कारण उरलं नाही. फाइल पुढे गेली.

संध्याकाळी बायकोला म्हटलं, आज गोड काहीतरी कर. म्हणाली, कशाबद्दल? म्हटलं, सांगता येत नाही, गोपनीय आहे.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

मला वाटलं होतं आता ते येणार नाहीत. आले. विचारलं काही नाही. मुलीच्या फाइलची जागा जिथे रिकामी आहे, त्या रॅककडे बघत बसले होते. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. माझ्या घरी कोणी आजारी असल्यासारखं.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

मुलगी घरी आली ती चप्पल न काढता आत. म्हणाली, समितीने लेखी विचारलंय, तुमच्या कुटुंबातून कोणी बाहेरच्या परीक्षकांशी बोललं होतं का? दोन दिवसांत खुलासा द्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, बाबा, तुम्ही कोणाला फोनबिन केला नाहीत ना? केला असेल तर सांगा, मी रागावणार नाही. काही ना काही मार्ग निघेल.

आता विचार करण्यासारखी गोष्ट आहे. हो म्हटलं तर कोणाला केला, हे आलंच. म्हणजे परीक्षकाचं नाव उमेदवाराला फुटलं. पस्तीस वर्षांत माझ्याकडून एक नाव फुटलेलं नाही. तेव्हा नियमाप्रमाणे मी नाही म्हटलं.

ती खाली बसली आणि हसायलाच लागली. म्हणाली, देवाशपथ घाबरले होते मी. लगेच लॅपटॉप उघडून उत्तर लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. माझे वडील आयुष्यभर याच गोपनीय कामात आहेत, त्यांच्या हातून असं कधीही घडणार नाही, याची मी खात्री देते. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

बायको ताटं उचलताना मला म्हणाली, तुमचे कान का लाल झालेत? म्हटलं, भाजी तिखट होती. म्हणाली, आज भाजी केलीच नव्हती.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

उत्तर आज जाणार. जाण्याआधी मुलीला गाठून खरं काय ते सांगावं असं सकाळी वाटलं. तिच्या विभागापर्यंत गेलो. ती पायऱ्यांवर विद्यार्थ्यांशी बोलत होती. लांबून हात केला आणि ओठांनीच म्हणाली, पाठवलं! मग काय सांगणार?

तीन वाजता रेकॉर्ड रूममध्ये गेलोच नाही. आवक-जावकच्या टेबलाशी बसून राहिलो. बेडूक तिथेही ऐकू आला.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

रजिस्ट्रारबाईंनी बोलावलं. समोर सव्वीस नंबरची फाइल. म्हणाल्या, या सह्या तुमच्या? म्हटलं, हो. हे ‘नाही’ तुम्हीच लिहिलंत? म्हटलं, हो, सगळ्या फायलींवर लिहितो, आधीच लिहून ठेवतो. पद्धत समजावून सांगितली. बाई लक्षपूर्वक ऐकत होत्या, मध्ये एकदा डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, उमेदवार तुमच्या कोण? म्हटलं, मुलगी. अभिमानानेच म्हटलं.

फोनचं काही विचारलं नाही. मीही विषय काढला नाही, उगाच त्यांचा वेळ कशाला घ्या. स्लिपची झेरॉक्स मात्र त्यांनी काढून घेतली. माझी पद्धत दुसरीकडेही लागू करायचा विचार दिसतो.

१ मार्च, बुधवार. दुपारी ३.३०

आज धीर केला. खालच्या रॅकवरून बेडूकसरांची फाइल काढली. पत्रात त्यांच्याबद्दल वाईटच लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला. मग माझ्या त्या नाहीने त्यांचं काहीच गेलं नाही.

पाकीट फोडलं. आयुष्यातलं पहिलं. आत कागद नाही, नुसती बुरशी. पांढरी, मध्ये हिरवट, कापसासारखी. अक्षरं तिच्या पोटात गेलेली. एक ओळ तेवढी वाचता आली, तीही अर्धी: ‘यांच्यासारखा कान मी आजवर’.

बुरशीचं नाव मुलीला विचारता येईल. पण मग पाकीट कोणाचं हेही सांगावं लागेल.

ते स्टुलावर होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, सर, आलं. त्यांनी हात पुढे केला नाही.

१४ मार्च, मंगळवार

निकालाची पत्रं निघाली. ती हातोहात द्यायची आणि वहीत पोच घ्यायची, सही आणि तारीख. रजिस्ट्रारबाई म्हणाल्या, मुलीचं पाकीट शिपाई नेईल. मी म्हटलं, असं कसं, पस्तीस वर्षं मीच नेतोय. बाईंनी पाकीट माझ्याकडे सरकवलं.

कायम झालेल्याच्या पत्राला नोकरीच्या अटी जोडतात, चार-पाच पानं होतात. नाही म्हणायला एक पान पुरतं. मुलीचं पाकीट हलकं लागलं. म्हटलं, हल्ली कागदाची बचत चालू आहे. जिना चढताना पुन्हा एकदा हातात तोलून पाहिलं.

ती वर्गाबाहेरच भेटली, हातात खडू-डस्टर. मला बघून हसली. वहीत सही केली, उभ्या उभ्या पाकीट फोडलं, वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

म्हणाली, काम चांगलं आहे म्हणतात. चारही पत्रं चांगली आहेत. ज्यांनी फोनची तक्रार केली त्यांनीसुद्धा कामाबद्दल चांगलंच लिहिलंय. नुसत्या फोनवर समितीने समज देऊन सोडलं असतं, इथे लिहिलंय तसं. पण मी लेखी खोटं सांगितलं. आणि स्लिपवर तुम्ही नातं लपवलंत. सगळ्या घराने मिळून केलं, असा अर्थ होतो त्याचा.

मग विचारलं, बाबा, केला होतात फोन?

मी म्हटलं, हो.

ती म्हणाली, हे मला त्या दिवशी हवं होतं. ओरडली नाही. ओरडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. मला बरंच सांगायचं होतं. एका माणसाचं पत्र राहिलं होतं, तिच्या बक्षिसाचा दिवस होता, पुन्हा तसं होऊ नये म्हणून केलं, असं सगळं. एवढ्यात घंटा झाली. तिने पाकिटाची घडी करून पुस्तकात घातली, म्हणाली, तुम्ही जेवून घ्या, माझी वाट बघू नका. आणि वर्गात गेली.

दार लावून घेतलं. बाहेर तिचा आवाज येत होता. रोजच्यासारखा, स्पष्ट. मध्ये मुलं हसलीसुद्धा.

वही उघडून बघितली तर सही होती, तारीख घातलेली नव्हती. तारखेशिवाय पोच धरत नाहीत. दुसऱ्याने घातलेली चालत नाही. म्हटलं, तास संपला की तारीख मागू, आणि त्या निमित्ताने बाकीचं सांगू. सुरुवात कशी करायची ते मनात जुळवत पॅसेजमध्ये उभा राहिलो. पन्नास मिनिटं. बाकावर बसलो नाही, न जाणो तेवढ्यात बाहेर आली तर.

घंटा झाली. सगळी मुलं बाहेर आली. ती आली नाही. आत डोकावलो तर वर्ग रिकामा, फळा पुसलेला. फळ्याशेजारी दुसरं दार होतं, मागच्या जिन्यावर उघडणारं.